पाळण्याला बांधलेलं सूत

मी आठवीतून शाळा सोडली ती माग चालवायला, आणि माग सोडले ते पोरगी सांभाळायला. मधल्या काळात इचलकरंजीत जॉबर झालो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. लग्न ठरवताना आमच्याकडं ‘मागाचा डॉक्टर’ असं सांगतात, आणि मुलीकडचे त्यातला शेवटचा शब्द धरून बसतात. माझी बायको नर्स असल्यामुळं तिला फरक माहीत होता. तरी तिनं होकार दिला. ह्याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे, पण ते सांगायची वेळ अजून आलेली नाही.

तिला कायमची नोकरी लागली ती गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढं, जंगलातल्या एका गावी. आरोग्य उपकेंद्राच्या मागं दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी. पोरगी झाली, सासूबाई कोल्हापूरहून येऊन रजा संपेपर्यंत राहिल्या. मग त्यांचे गुडघे बोलायला लागले. कायमची नोकरी तिची, माग दुसऱ्याचे, तेव्हा कुणी सोडायचं ह्यावर फार चर्चा झाली नाही. मी एक पेटी, एक पिशवी आणि सुताचा एक मोठा कोन, म्हणजे जाडजूड रीळच, घेऊन इथं आलो. सूत कशाला आणलं म्हणाल, तर आमच्याकडं घरात मीठ असतं तसं सूत असतं. कारखान्यातून येताना प्रत्येकाच्या खिशात थोडं असतंच. दुधाची पिशवी बांधा, गजरा ओवा, तुटलेली चप्पल आवळा. सूत मागायला कारण लागत नाही आणि देणाराही विचारत नाही.

माझी कारकीर्द होती हे मला सासूबाईंनी सांगितलं, ती संपल्यावर. “चांगलं हातातलं काम सोडून आलासा जावईबापू,” त्या म्हणाल्या, “पर पोरगी म्हंजे काय माग न्हवं, बटन दाबलं की बंद व्हायला.” मग त्यांनी मला पेज कशी करायची, शेक कसा द्यायचा, झोळी कशी बांधायची ते दाखवलं. जाताना एसटीच्या पायरीवरून म्हणाल्या, “झेपलं न्हाई तर लाजायचं न्हाई. फोन करायचा. मी यिऊन पोरीला घिऊन जाते.”

त्यांनी हे प्रेमानं सांगितलं. पण त्याचा अर्थ, पोरगी कोल्हापूरला, तिची आई ह्या जंगलात आणि मी परत मागावर. तिघं तीन ठिकाणी. एसटी वळणापलीकडं गेली तरी बायको तिकडंच बघत होती.

सुरुवातीला मला त्रास झाला तो शांततेचा. माग चालू असतात तिथं जमीनसुद्धा हलते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी त्या आवाजात झोपलोय, जेवलोय, भांडलोय. तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही, तोंडाकडं बघून बोलणं कळतं, उरलेलं हातानं. इथं आल्यावर वाटलं, वीज गेलीय आणि कुणी तक्रार करत नाहीय. लोक म्हणत, ह्या भागात पक्षी फार. मला ते समोरच्या आवळ्यावर बसून चोच उघडताना दिसायचे. मला वाटायचं, जांभया देतायत.

काळजी करण्यात मात्र मी कमी पडलो नाही. पोरगी झोपली की श्वास चालू आहे का बघायचा. चालू असायचा. म्हणून परत बघायचा. बायको स्कूटीवरून पाड्यांवर फिरायला गेली की दिवसभर आम्ही दोघंच. गावात मला ‘सिस्टरचे साहेब’ म्हणायला लागले होते. साहेब सकाळी लंगोट धुवायचे, दुपारी तांदूळ निवडायचे आणि मधल्या वेळात कुणी बोलावतंय का म्हणून दाराकडं बघायचे.

असाच एकदा मागच्या अंगणात कपडे धूत होतो. वळून बघतो तर कुंपणापलीकडच्या घरची म्हातारी बाई दारात उभी, पोरगी तिच्या कडेवर, दोघींची तोंडं लाल.

“का जी भाऊ,” बाई म्हणाली, “मी तिकडं ढोराले पानी पाजून राह्यली होती, तेथून ऐकू आलं. एवढी रडून राह्यली पोट्टी! तुमाले काऊन नाई ऐकू आलं?”

“बादली भरत होतो,” मी म्हणालो.

तिनं बादलीकडं बघितलं. ती केव्हाची भरलेली होती. पण बाई भल्या घरची. “पान्याचा आवाज होते कधी कधी,” म्हणाली आणि पोरगी माझ्याकडं दिली.

मी त्या दिवशी दार लावून घेतलं आणि तपासणी केली, जॉबर करतो तशी. पोरगी मांडीवर रडली तर ऐकू येतं. खोलीत असलो तर थोडं येतं. मधे भिंत आली की संपलं. बैल, ट्रॅक्टर, गड्यांच्या हाका, सगळं येतं. बारीक तेवढं येत नाही. आणि माझ्या पोरीचा आवाज बारीक होता. कमी ऐकतो हे मला माहीत होतं; आमच्याकडं ते सगळ्यांनाच असतं, म्हणून कुणाला नसतं. पण नेमकं काय गेलंय हे मला आत्ता कळलं, तेही बापाचं काम हातात घेतल्यावर.

बायकोला सांगावं असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं की ती आईला फोन करणार. म्हणून आधी दुरुस्ती करून बघावी.

आता मागाचं थोडं सांगतो. कापडात आडवा जाणारा धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे, नाहीतर तो वेड्यासारखा नुसताच चालत राहतो आणि कापड फुकट जातं. त्यासाठी मागाला एक बारीक काटा असतो. धागा आहे तोवर काटा गप्प. धागा नसला की काटा माग बंद करतो. म्हणजे मागाला ऐकू येत नाही, दिसत नाही, तरी त्याला कळतं. जॉबरचं निम्मं आयुष्य हा काटा बसवण्यात जातं.

मी कोनातलं सूत काढलं, चार पदरी पिळलं, एक टोक झोळीच्या काठाला बांधलं, खिडकीच्या गजावरून बाहेर काढलं आणि दुसरं टोक डाव्या मनगटाला. ताण असा ठेवला की झोळी नुसती वाऱ्यानं हलली तर काही नाही, पण आत लाथ बसली की मनगटाला ओढ. रडणारं मूल लाथा झाडतंच. पहिल्याच दिवशी काम झालं. कपडे पिळता पिळता हात ओढला गेला, आत गेलो, पोरगी रडत होती. मला इतका आनंद झाला की ती अजून रडतेय हे जरा उशिरा लक्षात आलं.

ह्यात एक दोष होता. पोरगी खूश असली तरी लाथा झाडायची. मग मी हातातलं काम टाकून धावत जायचो आणि ती आत हसत असायची. नुकसान काही नव्हतं. तेवढी भाजी करपायची.

बायको घरी यायच्या आत मी सूत गुंडाळून ठेवायचो. पण शेजारच्या बाईला कुंपणावरून सगळं दिसत होतं. तिला दिसलं ते असं: सिस्टरच्या घरी पोट्टी रडरड रडत होती. मग साहेबानं पाळण्यापासून आपल्या हातापर्यंत सूत बांधलं. तेव्हापासून पोट्टी रडत राहत नाही. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

एक दिवस ती कुंपणाशी आली. “भाऊ, ते सूत थोडंसं मले देता का? सुनेचं लेकरू हाय लहानसं.”

मी कशाला म्हणून विचारलं नाही. वर सांगितल्याप्रमाणं आमच्याकडं विचारत नाहीत. उलट मला बरं वाटलं. इतक्या दूर येऊन कुणीतरी माझ्या ओळखीच्या वस्तूची किंमत केली. मी चांगलं हातभर काढलं, पिळून, गाठ मारून दिलं. “लेकरासाठी आहे तर मऊ घ्या,” असंही म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या आळीतली एक बाई आली. मग तिची जाऊ आली. एक जण तर नदीपलीकडून नवऱ्याच्या गाडीवर आली आणि जाताना वांगी ठेवून गेली. वांग्यांचं मला जरा नवल वाटलं, पण इथली माणसं देण्यात हात आखडत नाहीत हे माहीत होतं. मी प्रत्येकीला सूत पिळून दिलं. पिळताना त्या माझ्या हाताकडं फार लक्ष देऊन बघायच्या. मला वाटलं, कारागिरीची कदर आहे.

लसीकरणाच्या दिवशी बायका आपापली लेकरं घेऊन उपकेंद्रात येतात. त्या दिवशी बायको दुपारीच घरात आली. सुई टोचून टोचून तिचा हात दुखत असतो, म्हणून अशा दिवशी ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

“तुम्ही गावात दोरे वाटताय?”

“सूत,” मी म्हणालो.

“एक लेकरू आलं, हाताला दोरा. दुसरं आलं, तोच दोरा, तीच गाठ. म्हटलं, हा नवा बुवा कोण आला गावात? तर बायका हसायला लागल्या. म्हणे, तुमच्याच घरचा हाय सिस्टर. साहेबानं देल्ला.” ती खाटेवर बसली. “मी सगळीकडं सांगत फिरते, बाळ रडत असेल, ताप असेल तर दोऱ्यावर थांबू नका, आधी माझ्याकडं आणा. आणि माझ्याच घरातून...”

“तुझ्या आईनंच पोरीच्या कमरेला काळा करदोडा बांधलाय. तेव्हा तू काही बोलली नाहीस.”

“आईला बोलता येतं का?” ती म्हणाली. हे खरं होतं. “पण हे सुरू कशावरून झालं?”

मग मी झोळी, खिडकी, मनगट दाखवलं. काटा समजावून सांगितला. काटा सांगताना मी रंगून गेलो. ती उठली, माझ्या मागं गेली. मी काही वेळ भिंतीकडं बघत उभा राहिलो. मग तिनं पुढं येऊन माझ्याकडं बघितलं.

“मी आत्ता काय म्हटलं?”

“तू कधी म्हणालीस?”

काय म्हणाली ते तिनं अजून सांगितलेलं नाही. वेळ बराच लागला, त्यावरून पुष्कळ असावं.

तिनं आदळआपट केली नाही. नर्स माणसं घाबरली की हळू बोलतात. “मी दहा गावं फिरते,” ती म्हणाली, “आणि मला वाटतं, घरी बाप आहे. आता उद्यापासून मी कुठल्या घरात बसले असेन आणि माझं लक्ष कुठं असेल?” मग म्हणाली, “उन्हाळ्यात आई येतीय. मी तिच्यापासून काही लपवणार नाही. तोवर दिसलं की नीट चाललंय, तर चाललं. नाहीतर पोरगी आईबरोबर जाईल. मलाही ते नकोय.”

मला गडचिरोलीला कान तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र मिळेल, यादीत नाव लागलं आहे. ते अजून लागलेलंच आहे.

पुढच्या लसीकरणाला बायकोनं मला सगळ्या बायकांसमोर उभं केलं आणि खरं काय ते सांगितलं. साहेबाला बारीक आवाज ऐकू येत नाही, हे सूत म्हणजे त्यांची घंटा आहे, मंत्र नाही, लेकराला बरं नसेल तर मला सांगा. मी खाली मान घालून उभा होतो. मला वाटलं होतं, लोक वांगी परत मागतील.

शेजारची बाई पहिली बोलली. “मंग आधी काऊन नाई सांगितलं बाप्पा! आमी म्हनलं, साहेब लय शिकलेला मानूस हाय, मंतर येत असन.”

“आठवी,” मी म्हणालो.

“मंग आमच्यासारखंच हाय की.” सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, “पर माहा पोरगा झोपून राह्यला जी त्या दोऱ्यानं. मी नाई सोडत.” बायकोनं कपाळाला हात लावला आणि पुढच्या लेकराला सुई दिली.

तेव्हापासून आमच्या घरी एक नवीन पद्धत सुरू झाली. पोरगी रडली की ज्या बाईला ऐकू येईल ती येऊन माझ्या तोंडासमोर हात हलवायची. आळीत कान भरपूर. पोरगी जरा कुरकुरली तरी दोन-तीन हात हलायचे. एकदा मी चुलीपाशी बसलेलो असताना पाटलासारखा दिसणारा कुणी अनोळखी गृहस्थ आत आला आणि हात हलवून निघून गेला. तो कोण होता हे मला अजून माहीत नाही. मी त्याचाही आभारी आहे.

हे सगळं मोहफुलांच्या दिवसांपर्यंत. मार्चमध्ये मोह गळायला लागला की उजाडायच्या आत सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात, दुपारपर्यंत आळीत चिटपाखरू नाही. पोरगी आता रांगत होती, झोळीत थांबत नव्हती, तेव्हा सुताचाही उपयोग संपला होता. बायको ड्युटीवर. मी पहिल्या दिवशी पोरीला नजरेसमोर ठेवून अख्खी सकाळ तिच्याकडं बघत बसलो. तिनंही माझ्याकडं बघितलं. दोघंही थकलो. घरातलं एक काम झालं नाही.

“इथी काय करता एकटे?” शेजारची बाई म्हणाली. “चाला आमच्यासंगं. पोट्टीलेही आना.”

तिनं बायकोच्या जुन्या साडीनं पोरीला माझ्या पाठीवर बांधून दिलं. पुरुषाच्या पाठीवर लेकरू बघून तिची सून तोंडाला पदर लावून हसली, पण गाठ तिनंच घट्ट केली. झाडाखाली चादर टाकून पोरीला ठेवायचं आणि वाकून फुलं वेचायची. सगळेच वाकलेले. लेकरं रडली तर कुणी लगेच उठत नाही. टोपली थोडी भरू देतात. मी मात्र दर मिनिटाला मान वर करायचो. शेजारची बाई म्हणायची, “भाऊ, तुमी फुलं वेचता का पोट्टीले मोजता? एकच हाय!”

तिथंच केव्हातरी ते सुरू झालं. नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, कारण मला आधी वाटलं, पोरगी रडायचीच कमी झाली. वाकलो की पँटीला ओढ लागायची. बघतो तर ती पानांतून रांगत आलेली, हाताला माती, तोंड मिटलेलं. मी खाली बसलो की ती माझी हनुवटी धरायची, तोंड आपल्याकडं वळवायची, डोळ्यांत बघायची, आणि मग रडायची. आधी नाही.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुमचं आपलं काहीतरी.” तिच्याजवळ असली की पोरगी जिथं असेल तिथून आरडायची, त्यामुळं तिला पटणं शक्य नव्हतं.

सासूबाई आल्या त्या भर उन्हात, एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून. पाणी प्यायच्या आधी म्हणाल्या, “पोरीचं तिकीट लागत न्हाई म्हन. मी इचारून आलेय.” बायकोनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. मोठ्यानं बोललेलं मला ऐकू येत होतं, मऊ बोललेलं जास्त लागत होतं. मुक्काम आठवड्याचा होता. दोन दिवसांत त्यांनी पोरीची झबली, टोपरी, वाटी-चमचा एका पिशवीत काढून ठेवले. बायको पिशवीच्या बाजूनं ये-जा करायची, पण तिकडं बघायची नाही. मी बघायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको उपकेंद्रात होती. सासूबाई ओसरीत खाटेवर, पोरगी त्यांच्या पायाशी वाटीशी खेळत. मी आतल्या दारात पाठमोरा बसून तांदूळ निवडत होतो. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं, कारण मी काही पाहिलं नाही. पोरीचं बोट खाटेच्या फटीत सापडलं. तोंड वेडंवाकडं झालं, डोळे भरले. सासूबाईंनी दोन्ही हात पुढं केले, “ये बाळा, ये.” पोरीनं त्यांच्याकडं बघितलं, श्वास आत धरला, आणि रांगायला लागली. त्यांच्या हातांखालून, अख्खी ओसरी ओलांडून, उंबऱ्यावरून. आवाज नाही.

मला कळलं ते शर्टाला ओढ लागल्यावर. वळलो. तिनं माझी हनुवटी धरली, मी बघतोय ह्याची खात्री केली आणि मग भोकाड पसरलं. मी तिचं बोट तोंडाशी धरून फुंकर घातली, तिला उचललं. पाहतो तर सासूबाई तशाच बसलेल्या, हात अजून पुढं केलेले.

“रोज असंच करती व्हय?” त्यांनी विचारलं. ह्या वेळी मोठ्यानं नाही. मी तोंडाकडं बघत होतो म्हणून कळलं.

“बाहेर असलो तर पँट ओढते,” मी म्हणालो.

पोरगी शांत झाली, माझ्या खांद्यावर झोपायला लागली. मग सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत आत गेल्या. मला वाटलं, पिशवी आणायला. छातीत धडधड सुरू झाली. ती मला नेहमी ऐकू येते. त्या पिशवी घेऊनच बाहेर आल्या, खाटेवर बसल्या, एकेक झबलं काढून मांडीवर परत घडी घातली आणि मला म्हणाल्या, “ही आत फळीवर ठिवा. आन् रोज दाढी करत जावा. पोरीच्या हाताला टोचतंय.”